आधी बोर्डाचं नाव सांगा

"आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, पाचशे बारा एसएसडी, बावीस इंची एलईडी, फुल सेट." दुकानाच्या काचेवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर आणि आता लग्नपत्रिकेच्या मागच्या जाहिरातीतही ही ओळ दिसते. वाचायला भरगच्च आहे आणि घेणाऱ्याच्या उपयोगाचं त्यात एक अक्षर नाही. आय-सेव्हन कितव्या पिढीचा? रॅम डीडीआर३ की डीडीआर४? एसएसडी साटाची की एनव्हीएमई? हे सगळं ज्या मदरबोर्डावर बसवलंय त्याचं नाव काय? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि जाहिरातीत त्याचंच उत्तर कधी नसतं.

जुना कॉम्प्युटर वाढवायचा असो किंवा नवा जोडून घ्यायचा असो, पहिला प्रश्न बोर्डाचा. विकणाऱ्यानं त्याचं उत्तर बिलावर लिहून दिलं पाहिजे. तोंडी नको, बिलावर. माझी मागणी एवढीच आहे आणि ती किनवटसाठी जरा जास्त जोरात आहे.

कारण साधं आहे. मुंबईत चुकीचा पार्ट हातात पडला तर माणूस संध्याकाळी लॅमिंग्टन रोडला जाऊन बदलून आणतो. किनवटहून नांदेड सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आदिलाबाद जवळ, पण तिथेही सगळं मिळत नाही. जरा वेगळा पार्ट हवा असला की आपली माणसं कृष्णा एक्स्प्रेसनं सिकंदराबाद गाठतात आणि चिनॉय ट्रेड सेंटरच्या, म्हणजे सीटीसीच्या, दुकानांमधून वस्तू आणतात. ती घरी येऊन बसली नाही तर जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेला दिवस आणि परत न घेणाऱ्या दुकानदाराची तऱ्हा, असा तिहेरी भुर्दंड बसतो. ऑनलाइन मागवली तर कुरिअर उचलायला येईपर्यंत मशीन उघड्यावर.

मशीन बंद म्हणजे फक्त मालकाचं नुकसान, असंही नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, फोटो स्टुडिओ, टायपिंगची संस्था. मांडवी, इस्लापूर, बोधडीकडून उत्पन्नाच्या दाखल्याला, जातीच्या प्रमाणपत्राला, पीक विम्याला माणूस येतो आणि "मशीन बंद आहे, उद्या या" ऐकून परत जातो. त्याचा रोज बुडतो आणि एसटीचं तिकीट दोनदा लागतं. मुदत संपायच्या दिवशी असं झालं तर अर्जच राहतो. चुकीच्या रॅमची किंमत शेवटी तो मोजतो, ज्यानं रॅम हा शब्दही कधी ऐकलेला नाही. म्हणून मी या विषयावर सदर खर्ची घालतोय.

आता आय-सेव्हनचं बघू. इंटेलचा आय-सेव्हन २६०० हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये आला. आय-थ्री १२१०० आला जानेवारी २०२२ मध्ये. दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड. अकरा वर्षांनी आलेला 'लहान' आय-थ्री त्या 'मोठ्या' आय-सेव्हनला प्रत्येक कामात मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन या पायऱ्या एकाच पिढीतल्या आहेत. पिढी बदलली की तुलना संपली. पिढी नंतरच्या आकड्यात असते: चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा, पाच आकडी असेल तर पहिले दोन. ३७७० म्हणजे तिसरी, ६५०० म्हणजे सहावी, १०४०० म्हणजे दहावी. पहिल्या पिढीला तीनच आकडे होते. एवढं पाचवीतल्या पोरालाही कळतं, पण काउंटरवर कोणी सांगत नाही, कारण सांगितलं तर ओळीतली हवा जाते.

"आय-सेव्हन आहे भाऊ, डोळे झाकून घ्या" म्हणून जो सेट विकला जातो, तो बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असतो आणि बोर्ड असतो एच६१ चिपसेटचा. हा २०११ सालचा चिपसेट. गंमत नाही, हे बोर्ड आजही पेटीबंद, चकचकीत, 'नवे' म्हणून मिळतात. पण इंटेलनं त्या पिढीचे प्रोसेसर बनवणं केव्हाच थांबवलंय. म्हणजे बोर्ड नवा असला तरी त्यावरचा प्रोसेसर कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारात निघालेल्या मशीनमधलाच. जुना माल विकण्याला माझी हरकत नाही. प्रोसेसर सहसा लवकर मरत नाही आणि टायपिंगला, अर्ज भरायला तो पुष्कळ आहे. हरकत आहे ती जुन्याला नवा म्हणण्याला आणि पिढी गाळून नुसतं 'आय-सेव्हन' लिहिण्याला.

पिढी कळली की सॉकेट कळतं, आणि सॉकेट हीच खरी अडवणूक आहे. दुसरी-तिसरी पिढी ११५५ नंबरच्या सॉकेटमध्ये बसते, चौथी ११५० मध्ये, सहावी-सातवी ११५१ मध्ये, दहावी-अकरावी १२०० मध्ये, बारावी ते चौदावी १७०० मध्ये. इंटेलचं धोरण असं की दोन-तीन वर्षांत सॉकेट बदलतं आणि जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चढत नाही. सगळ्यात वाईट सापळा आठव्या-नवव्या पिढीचा. त्यांचं सॉकेटही ११५१ च. सहाव्या पिढीच्या एच११० बोर्डात आठव्या पिढीचा आय-फाइव्ह ८४०० हातानं ठेवला तर अलगद बसतो, खटका लागतो, पंखा फिरतो आणि पडद्यावर काही येत नाही. त्याला ३०० मालिकेतला चिपसेट लागतो. सॉकेटचा नंबर जुळतो एवढ्यावर ज्यानं पैसे मोजले तो फसला, आणि विकणाऱ्यानं "नंबर तर जुळतोय" म्हणून हात वर केले. नंबर जुळणं पुरेसं नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डाची 'सीपीयू सपोर्ट' यादी असते. त्या यादीत प्रोसेसरचं नाव असेल तर घ्या, नसेल तर दुकानदार सख्खा मामा असला तरी घेऊ नका.

एएमडीनं या बाबतीत ग्राहकाशी जास्त इमान राखलं. रायझन २०१७ मध्ये आला तेव्हापासून पाच हजार मालिकेपर्यंत एएम४ हे एकच सॉकेट चाललं. म्हणजे बी४५० चा बोर्ड असलेल्या माणसाला बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर टाकता येतो. अट एकच, आधी बायोस अद्ययावत करायची आणि ती जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करायची. जुना काढून विकला, मग नवा टाकला आणि पडदा काळा, अशी वेळ आली की किनवटमध्ये त्याच सॉकेटचा दुसरा प्रोसेसर उसना शोधत फिरावं लागतं. क्रम पाळा: बायोस आधी, विक्री नंतर.

आपल्याच मशीनचा बोर्ड कोणता हे बघायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, 'एमएसइन्फो३२' टाका, एंटर मारा. यादीत 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' अशी ओळ येते, तिथे नाव असतं. त्याच पानावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि बायोसची तारीखही मिळते. मशीन चालूच होत नसेल तर कॅबिनेटची डावी बाजू उघडा. बोर्डावर, बहुधा कार्डाच्या पट्ट्यांच्या आसपास, मोठ्या अक्षरात मॉडेल छापलेलं असतं आणि धूळ असली तर ओल्या नव्हे, कोरड्या फडक्यानं पुसा. मोबाइलनं फोटो काढा. नांदेडला, आदिलाबादला, सीटीसीला, कुठेही जाताना तो फोटो खिशात हवा. काउंटरवर "माझ्याकडे जुना आय-थ्री आहे" असं सांगणारा माणूस दुकानदाराला अंदाज बांधायला लावतो आणि त्या अंदाजाचे पैसे स्वतः भरतो.

रॅमवर फार वेळ घालवायची गरज नाही. तिच्या तळाला सोनेरी दातांची रांग असते आणि मध्ये एक खाच. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तिघींची खाच वेगवेगळ्या जागी आहे, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. व्होल्टेजही वेगळं: दीड, १.२ आणि १.१. पण खाच जुळूनही न चालणारी रॅम बाजारात आहे आणि तीच स्वस्त म्हणून लोक मागवतात. एक म्हणजे सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम, जी साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. दुसरी, डीडीआर३ मधली, ज्यावर 'फक्त एएमडी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि इंटेलच्या बोर्डावर ती दिसतच नाही. एच६१ बोर्डावर जास्तीत जास्त १६ जीबी रॅम चालते, तीही दोन स्लॉटमध्ये ८-८ ची. त्यावर "पुढे बत्तीस करून देऊ" असं कोणी म्हणालं तर त्याला बोर्ड माहीत नाही किंवा खरं बोलायचं नाही.

आत्ताच हा विषय का तापलाय? विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. घरगुती वापराच्या मशीनला नाव नोंदवून सुरक्षा अद्यतनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेवढीच मुदत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, एएमडीचा रायझन दोन हजार मालिकेपासून पुढचा, शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. म्हणजे गावातल्या निम्म्या-अधिक जुन्या मशीन एका झटक्यात 'बसत नाही' या रांगेत गेल्या, असं मला तरी दिसतं. त्यावर धंदा उभा राहिला: "कितीही जुनं मशीन आणा, विंडोज ११ चढवून देतो." चढतं, खोटं नाही. तपासणी चुकवायच्या वाटा आहेत. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनची हमी घेत नाही, पुढच्या मोठ्या अद्यतनाला ते अडकू शकतं, आणि कोअर टू ड्युओसारख्या मशीनवर तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाही. ज्या मशीनवर रोज लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची पासबुकं जातात, तिथे असला जुगाड करणं मला मान्य नाही.

उलट चूकही होते. आठव्या-नवव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ 'टीपीएम नाही' म्हणून अडलं की माणूस टीपीएमचं वेगळं कार्ड शोधायला निघतो. बहुतेक वेळा ते प्रोसेसरमध्येच असतं, बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' असा पर्याय शोधून चालू करा. खर्च शून्य.

मग तिसऱ्या पिढीच्या मशीनवर पैसे घालावेत का? घालावेत, पण मोजून. हार्ड डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी टाका आणि रॅम चारची आठ करा. एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटचाच आहे, एसएसडीला तिची पूर्ण धाव तिथे मिळत नाही, तरीही मशीन सुरू व्हायला आणि ब्राउझर उघडायला लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. हार्ड डिस्कचा खरा रोग इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक फायली शोधण्यात आहे आणि तो एसएसडीनं जातो. ही एसएसडी पुढे नव्या बोर्डावरही चालते, म्हणून तो पैसा वाया जात नाही. डीडीआर३ रॅम आणि ११५५ चा आय-सेव्हन मात्र पुढे कुठेच चालणार नाही. म्हणून रॅम आठ करण्यापलीकडे त्यावर एक रुपयाही नवा घालू नका. आय-थ्री काढून आय-सेव्हन टाकायचा विचार असेल तर तो पैसा बाजूला ठेवा, नव्या बोर्डाच्या खात्यात जमा करा.

आता एसएमपीएस. या डब्याकडे कोणी बघत नाही आणि मशीन जळतं ते याच्यामुळे. पेटीवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. डबा आडवा करून अंगावरचा स्टिकर वाचा. त्यात वेगवेगळ्या व्होल्टचे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही १२ व्होल्टच्या रकान्यावर जगतात. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. पेटीवरच्या ४५० मधले कामाचे एवढेच. एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड एकटं १७० वॅट घेतं आणि कंपनी त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. उरलेल्या बावीस वॅटवर प्रोसेसर चालत नाही. मग लग्नाच्या व्हिडिओचं रेंडरिंग अर्ध्यात असताना मशीन बंद पडतं, स्टुडिओवाला विंडोजला शिव्या देतो, फॉरमॅट मारतो, पुन्हा बंद पडतं. काही जण हार्ड डिस्कच्या वायरला जोड लावून कार्डाला वीज देतात. ती वायर त्या कामाची नाही, तापते. जुन्या मशीनला हे कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. स्वतंत्र वीज न लागणारी कार्डं आहेत, जीटीएक्स १६५० चे काही प्रकार ७५ वॅटमध्ये भागतात, आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॅटमध्ये. साध्या एसएमपीएसवर तेवढंच झेपतं.

ब्रँडेड जुन्या मशीनचं अजून वेगळं. बँका आणि कंपन्यांमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप आपल्याकडे बरेच येतात आणि मशीन म्हणून ते मजबूत आहेत, एच६१ च्या 'नव्या' सेटपेक्षा मी ते कधीही पसंत करीन. पण ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या बोर्डाला विजेचा जोड आठ पिनांचा आहे, बाजारातल्या एसएमपीएसला चोवीस पिनांचा. एचपी आणि लेनोवोच्या अनेक मॉडेलांचे जोडही त्यांचे त्यांचे. एसएमपीएस गेला की साधा बसत नाही, मध्ये कन्व्हर्टर केबल लागते, आणि ती किनवटमध्ये मिळेलच असं नाही. कॅबिनेट चपटं असेल तर पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड आत मावत नाही. हे सगळं विकत घेण्याआधी विचारायचं असतं.

वीज आपली आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, मशीन वाढवलं की तो अपुरा पडतो, हे मशीन वाढवताना कोणी सांगत नाही. आणि अर्थिंग बघा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, "थोडं थोडं लागतंच" म्हणून लोक सोडून देतात. अर्थिंग नसल्यानं एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून पत्र्यावर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज आलेलं असतं. प्रवाह अगदी किरकोळ म्हणून नुसत्या मुंग्या. पण त्या अवस्थेत प्रिंटरची किंवा अंगठ्याच्या यंत्राची केबल लावताना पोर्ट जळू शकतो. नवा बोर्ड आणण्याआधी वायरमन बोलवा.

काही गोष्टी भराभर. इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. एएम४ च्या रायझनमध्ये मागे 'जी' असेल तरच ती सोय आहे. ५६००जी मध्ये आहे, ५६०० मध्ये नाही. थोडक्या पैशांच्या फरकासाठी 'एफ' घेतला आणि पडदा काळा, असं होऊ देऊ नका. सॉकेट १७०० ला जुना कूलर बसत नाही, भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ झालंय. नव्या ग्राफिक्स कार्डांना व्हीजीए नसतं. जुना निळ्या जोडाचा मॉनिटर ठेवायचा असेल तर एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा कन्व्हर्टर घ्या, उलट दिशेचा वेगळा असतो.

छापखाना आणि डीटीपीवाल्यांसाठी मात्र थांबतो, कारण त्यांची अडचण दुकानदाराच्या यादीत नसतेच. श्री-लिपी, आयएसएम, आकृती यांच्या जुन्या आवृत्त्यांवर वर्षानुवर्षांच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, बॅनर पडलेले आहेत. त्यांची हार्डवेअर लॉकं काही ठिकाणी अजून प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला लागतात. नव्या बोर्डांवर तो पोर्ट मिळणं कठीण. यूएसबीचा कन्व्हर्टर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालवतो, पण लॉक त्यावर ओळखलं जाईल याची खात्री नाही. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. म्हणून डीटीपीवाल्यानं जुनं मशीन मोडून त्यातच नवा बोर्ड घालू नये. जुनं जसंच्या तसं ठेवावं, इंटरनेटची वायर काढावी, डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. नवं मशीन शेजारी मांडावं आणि नवीन काम युनिकोडमध्ये सुरू करावं. जागा जास्त लागेल, पण गिऱ्हाईक जुनी पत्रिका मागायला आलं तर फाइल उघडेल.

नवा सेट जोडणाऱ्यांना सध्या रॅमचा भाव छळतोय. कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरं जगभरची मेमरी ओढून घेतायत. मायक्रॉननं ३ डिसेंबर २०२५ ला क्रुशियल या नावानं चालणारी किरकोळ ग्राहकांची विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि हे नाव आपल्याकडच्या प्रत्येक काउंटरवर होतं. अशा वेळी घरात चांगली डीडीआर४ रॅम पडलेली असेल तर ती वापरता येईल असाच बोर्ड निवडा: एएम४, किंवा सॉकेट १७०० चा डीडीआर४ वाला. इथेही नाव नीट वाचा. एच६१० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, आणि कित्येकदा फरक नावाच्या शेवटच्या 'डी४' एवढाच असतो. दुकानदारानं ते गाळून 'एच६१० बोर्ड' असं लिहिलं तर घरची रॅम घरीच राहते.

शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती यांच्या खरेदीत तर हा गाळण्याचा प्रकार कागदोपत्री होतो. तीन कोटेशन येतात, तिन्हींवर 'आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम' एवढंच, आणि सगळ्यात स्वस्त कोटेशन मंजूर होतं. पिढी लिहिली नसेल तर तिसऱ्या पिढीचा माल बाराव्या पिढीच्या मालाला दरात हरवणारच. मागणीपत्र लिहिणाऱ्यानं 'बारावी पिढी किंवा पुढची' हे चार शब्द जादा लिहिले असते तर पोरांना पाच वर्षं चालणारी मशीन मिळाली असती. ज्यांना हे कळत नाही त्यांनी कळणाऱ्याला विचारावं, किनवटमध्ये कॉम्प्युटर शिकवणारे कमी नाहीत.

तर बिलावर काय हवं? बोर्डाचं पूर्ण मॉडेल. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासह. रॅमचा प्रकार आणि एसएसडीचा प्रकार. एसएमपीएसचं मॉडेल. आणि प्रत्येक वस्तूपुढे 'नवी' किंवा 'जुनी'. पक्कं बिल, जीएसटीचं. कच्च्या चिठ्ठीवर १८ टक्के वाचतात खरे, पण कंपनीची हमी बिलाशिवाय मागताना दमछाक होते. आपल्या स्थानिक दुकानदारांतले बरेच जण मेहनती आहेत, रात्री उशिरापर्यंत मशीन दुरुस्त करून देतात, त्यांना हे लिहायला दोन मिनिटं लागतील. जो लिहायला तयार नाही त्याच्याकडून फक्त माउस घ्यावा.

आणि चुकीचा माल मिळालाच तर गप्प बसायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दुकान सिकंदराबादचं असो की दिल्लीच्या नेहरू प्लेसचं, किनवटचा माणूस नांदेडला तक्रार दाखल करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघता येतं, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. वस्तूचा दर्जा जाणून घेणं हा त्या कायद्यात ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदलेला आहे. तक्रारीला जोडायला मॉडेल नंबर लिहिलेलं बिल, वस्तूच्या स्टिकरचा फोटो आणि दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, हे तीन कागद जपून ठेवा.